ताण सैल करा

बंदरासाठी तारापूरजवळचं आमचं गाव उठणार की राहणार, हे कुणीच सांगत नव्हतं. त्यात आमचं मन सांभाळायला सरकारने पालघरहून एक समुपदेशक बाई पाठवल्या. भीती घालायची यांनीच आणि धीर द्यायला माणूसही यांनीच पाठवायचं!

किनाऱ्यावर बायका दोऱ्यांवर बोंबील वाळत घालत होत्या. बाई गोड आवाजात म्हणाल्या, "आधी ताण सैल करा."

आई उठली आणि दोऱ्या चाचपू लागली. "हाय तो ताण बरा हाय, बाय. सैल केला तर बोंबील रेतीत पडतील."

शेजारची काकी ओरडली, "अगं, दोरीचा नाय, तुज्या डोक्याचा!" सगळ्या खदखदून हसल्या. आईही हसली. मग तिने बाईंना विचारलं, "डोक्याचाबी करते. पन आदी सांगा, घर ऱ्हानार का जानार?"

"तो माझा विषय नाही," बाई म्हणाल्या.

मला संताप आला. बंदराविरुद्ध मीच लिहिलेलं पत्रक पिशवीतून काढून मी मोठ्याने वाचलं, "आम्ही इथून हटणार नाही!"

आईने माझ्याकडे पाहिलं. "तुला ठाव हाय, का नुसतं लिवलंस?"

मला ठाऊक नव्हतं. सगळ्या बायका माझ्या तोंडाकडे बघत होत्या, म्हणून मी पुढची ओळ वाचली.