ड्रॉवरमधले पेले

कोयनानगरात कॉम्प्युटर दुरुस्त करणारा तानाजी भूकंपाला लय भितो. रस्त्यावरून ट्रक गेला तरी तो दाराकडे बघतो. हसणाऱ्यांनी खुशाल हसावं. त्याच्या टेबलावर कायम स्टीलचे दोन पेले एकावर एक उलटे रचलेले असतात. ते पडले, की बाहेर पळायचं.

परवा दुपारी शाळेतले प्रांजल मास्तर आपला कॉम्प्युटर दुरुस्तीला घेऊन आले. त्यांच्या गेममध्ये गाड्या थरथरत होत्या, स्क्रीनवर हिरव्या रेघा नाचत होत्या.

"आवं मास्तर, ग्राफिक्स कार्ड तापलंय तुमचं," तानाजी म्हणाला. जागा करायला त्यानं पेले ड्रॉवरमध्ये टाकले, कॉम्प्युटर बंद केला आणि कार्ड काढून पुसायला घेतलं. सहज वर बघितलं, तर बंद मॉनिटर अजून थरथरत होता.

ड्रॉवरमध्ये पेले वाजायला लागले.