खाली उतरवा नं, काकू

हाताची पाचही बोटं सारखी नसतात, हे सगळ्या आईबापांना मान्य असतं. फक्त आपल्या घरचं बोट तेवढं सगळ्यांत लांब हवं असतं. ब्राह्मणपारा मोहल्ल्यातल्या आमच्या घराच्या पुढच्या खोलीत मी संध्याकाळी गणिताची ट्यूशन घेते, म्हणून हे मी खात्रीनं सांगू शकते. माझ्याकडे एकाला व्याजाची गणितं तोंडपाठ, तर दुसऱ्याचा सातचा पाढा अर्ध्यात जाऊन बसकण मारतो. सगळ्यांना एकच उदाहरण दिलं की अर्धे जांभया देतात आणि अर्धे रडकुंडीला येतात.

म्हणून भाच्यानं पोरांच्या घरच्या मोबाइलवर सरावाचं एक अ‍ॅप टाकून दिलं. उत्तर बरोबर आलं की पुढचं गणित अवघड, चुकलं की सोपं. बरोबर उत्तराला पडद्यावरचा हत्ती नाचायचा, चुकीच्या उत्तराला कान पाडून बसायचा. एका पोट्ट्याला रुसलेला हत्तीच जास्त आवडला, त्यामुळे तो आठवडाभर मन लावून चुकत होता. त्याला मी काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

माझ्याकडे सहावीतल्या जुळ्या बहिणी येत. थोरली काही मिनिटांनीच थोरली, पण गणितात वाऱ्यासारखी. धाकटीला अपूर्णांक दिसला की घाम फुटे. वडिलांचं पंडरीच्या कापडबाजारात दुकान. त्यांनी मला बजावून ठेवलं होतं, "ताई, सहामाहीत ही धाकटी गणितात गेली तर एक वर्ग मागे बसवतो हिले, दुसऱ्या शाळेत." दोघी जन्मापासून एका बाकावर बसलेल्या. हे ऐकून थोरलीनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच तो बाक उचलून नेणार होते.

आणि चमत्कार झाला. धाकटी भराभर लेव्हल चढू लागली. वडिलांनी जिलेबी पाठवली. मी ती खाल्ली आणि शेजारणीला ऐकवलं, "यंत्र असावं तर असं! मी दोन वर्षं घसा कोरडा केला, यानं महिन्यात करून दाखवलं."

एका संध्याकाळी घरून आणलेल्या मोबाइलवर धाकटी गुणोत्तराच्या गणितासमोर नुसती बसून होती.

"अगं, कालच तर अशी धडाधड सोडवलीस!"

तिनं बहिणीकडे पाहिलं. बहीण घाईघाईनं म्हणाली, "काकू, नेटवर्क नहीं आ रहा।" ही पोट्टी हिंदीत शिरली की समजावं, काहीतरी शिजतंय.

माझी ट्यूब उशिरा पेटली, पण पेटली. घरी धाकटीच्या नावानं थोरलीच गणितं सोडवत होती. अ‍ॅप बिचारं इमानी, बोट कुणाचं आहे ते त्याला काय ठाऊक! मी थोरलीला चांगलंच फैलावर घेतलं. तिनं मान वर केली.

"पप्पा तिले दुसऱ्या शाळेत टाकून राहिले, काकू. मी काहून चूप बसू?"

मी धाकटीपुढचा मोबाइल स्वतःकडे ओढला.

तेवढ्यात धाकटी हळूच म्हणाली, "मले खाली उतरवा नं, काकू. वरचं काहीच समजून नाही राहिलं."

"मग सांगितलं का नाहीस?"

"ही खूश होती नं."

मी वडिलांना फोन करून बोलावून घेतलं. ते येईपर्यंत धाकटीला नव्यानं पहिल्या लेव्हलवर बसवलं. त्यांनी दारातूनच वाकून मोबाइलचा पडदा पाहिला आणि त्यांचा चेहरा उतरला.

"हे तर तिसरीचं आहे, ताई!"

"हव, तिसरीचंच आहे," मी म्हटलं, "पण तिचं स्वतःचं आहे."

धाकटी अर्धा आणि पाव यांच्या बेरजेपाशी अडली होती. ओठ चावत होती, बोटं मोडत होती. थोरलीला राहवेना. तिचा हात सवयीनं पडद्याकडे गेला, तशी धाकटीनं त्यावर सणसणीत चापट मारली.

"थांब नं! मले चुकू दे."

थोरलीचे डोळे भरून आले. वडिलांनी चपला काढल्या, आत येऊन सतरंजीवर बसले आणि थोरलीला जवळ ओढून म्हणाले, "चुकू दे तिले, बेटा. कुठंच नाही पाठवत मी."