शेपटीवरची गाठ

विमान पाहायला आलेले लोक तोंडाशी उभे राहून फोटो काढतात, शेपटीकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही. नागपुरातल्या विमान संग्रहालयात झाडलोट करणारे नानाजी बारापात्रे मात्र बारा वर्षं रोज आधी शेपटीकडेच जायचे. आवारात उघड्यावर उभ्या असलेल्या, दुसऱ्या महायुद्धातल्या त्या विमानाचं अंग पत्र्याचं, पण शेपटीचं सुकाणू कापडाने मढवलेलं. आणि ते कापड नानाजींच्या घरचं होतं.

मूळचं कापड फाटलं तेव्हा साहेब लोक दिल्लीपर्यंत चौकशा करत बसले होते. नानाजींनी झाडू बाजूला ठेवला. "मी कोष्टी आहो साहेब, मी विणून देतो."

नंदनवन वस्तीतल्या घरी तेव्हा हातमाग होता. नानाजी विणायचे, बायको जनाबाई तुटलेले धागे जोडायची. तिची गाठ जरा जाडच. विमानाचं कापड विणताना नानाजी खेकसले, "काहून एवढी जाड गाठ मारून राहिली वं? कापडाची शोभा गेली." त्यानंतर जनाबाईने मागाला हात लावला नाही. नानाजींनी समजूत काढली नाही. पुरुषी ताठा, दुसरं काय! पुढे माग विकला गेला, आणि दोन वर्षांपूर्वी जनाबाईही गेली.

तेव्हा त्यांनी घरभर शोधलं. दोघांनी मिळून विणलेलं हातभर कापड घरात नव्हतं. विणलेलं सगळं बाजारात जायचं, ती स्वतः जन्मभर गिरणीचं लुगडं नेसली. उरलं होतं ते फक्त विमानाच्या शेपटीवर. रंगाखालची ती तिळाएवढी गाठ नानाजी रोज अंगठ्याने चाचपायचे, मग कामाला लागायचे.

यंदा संग्रहालयाच्या नव्या प्रमुख अस्मिता मॅडम म्हणाल्या, "काका, उन्हाने कापड पार गेलंय. उद्या काढून टाका, आपण पत्रा बसवू."

"मॅडम, त्यातला वीतभर तुकडा मले भेटल का?"

"सगळंच न्या की. कचऱ्यातच जायचंय."

बाई मनाने चांगली, तिला काय ठाऊक. तरी तो शब्द नानाजींना लागला. रात्रभर डोळ्याला डोळा नाही.

सकाळी त्यांनी गाठ शोधली आणि तिच्याभोवती रुमालाएवढा चौकोन हलक्या हाताने कापला. उचलायला गेले तर रंगाचे पापुद्रे सुटले आणि बारा उन्हाळे खाल्लेल्या कापडाचा बोटांतच भुगा झाला. त्यांनी दुसरा हात खाली धरला, पण ते सावरण्यासारखं नव्हतं. तळहातावर चिमूटभर धूळ आणि त्यात जनाबाईची गाठ, तेवढी शाबूत.

"काका, त्या बाजूचं घ्या ना, तिकडे कापड बरं आहे," अस्मिता मॅडम म्हणाल्या.

गाठ मुठीत धरून नानाजी शेपटीखाली बसले, आणि इतकी वर्षं अडलेलं एकदाचं बोलले, "बरं केलं वं, जाड बांधली. माह्यं चुकलं."