खोबरं गप होईपर्यंत

स्वयंपाक मी शिकले तो मागल्या पडवीतून येणाऱ्या आवाजावर. शिकायची हौस मला काडीची नव्हती. खो-खोत मी बरी होते, गणितात त्याहून बरी, आणि चुलीपुढे बसून डोळे लाल करून घेण्यात कसलं शहाणपण आहे हे मला कोणी पटवून दिलं नव्हतं. पण आई महिन्यातून एकदा बाहेर बसायची, घरात दुसरी बाई नव्हती, आणि बाबांना वेळेत जेवून वेंगुर्ल्याच्या कचेरीत पोचायचं असायचं. ते तिथे कारकून होते. साठ सालाच्या अलीकडची-पलीकडची ही गोष्ट.

बाहेर बसणं म्हणजे काय, हे आता नातींना समजावून सांगावं लागतं. त्या दिवसांत बाईने स्वयंपाकघरात नि देवघरात पाऊल टाकायचं नाही, कशाला शिवायचं नाही. आई पडवीच्या कोपऱ्यात गोणपाटावर बसे. तिचं ताट वेगळं, तांब्या वेगळा. लहानपणी मला सांगितलं होतं की आईला कावळा शिवला, म्हणून मी अंगणातल्या कावळ्यांना दगड मारत सुटत असे. मोठी झाल्यावर कावळ्यांवरचा राग गेला आणि चुलीवर आला.

पडवी आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये भिंत होती. आईला चूल दिसत नसे, पण ऐकू सगळं येई. वास तर त्याआधीच पोचे. मी पाट्यावर वाटप वाटायला बसले, की थोड्या वेळाने भिंतीपलीकडून आवाज यायचा, "खोबरां अजून बोलता. गप होयसर वाट." खरंच, भरड खोबरं वरवंट्याखाली करकरतं आणि बारीक झालं की त्याचा आवाज बंद होतो. पण हे कळायला मला बरेच महिने लागले. तोवर मला वाटायचं, ही मुद्दाम छळते आहे. मनगटं भरून यायची. कढी उकळायला लागली की मी पाहायच्या आधी तिला कळायचं, आणि लाकूड बाहेर ओढ म्हणून हुकूम यायचा. खोबऱ्याचा रस फुटला तर बाबा कढी फक्त बघत, बोलत नसत.

बाबा कचेरीतली मराठी घरीही बोलत. माझ्या हातच्या पहिल्या बांगड्यांच्या तिखल्यात, म्हणजे घट्ट तिखट कालवणात, मी मसाल्याची तिरफळं बिया न काढताच ठेचून घातली होती. त्यांनी एक घास घेतला, दाताखालची काळी बी काढून ताटाच्या कडेला ठेवली, आणखी एक ठेवली, आणि विचारलं, "हे जेवायचं आहे की निवडायचं?" पडवीत आई हसली. तिचं हसू मला भिंतीतून ऐकू आलं आणि रडूच कोसळलं. शेजारच्या काकी मला समजावत, की वय झालं की बायकांचं हे सगळं थांबतं, माझं नाही का थांबलं, तुझ्या आईचंही थांबेल, मग सुटशील. काकींची आणि आमची विहीर एकच होती, त्यामुळे त्यांचं समजावणं रोज असे. मी मनापासून त्या दिवसाची वाट बघायला लागले.

आई मात्र त्या दिवसांत वेगळीच बाई व्हायची. एरवी पहाटेपासून तिचे पाय जमिनीला टेकत नसत. शेण, पाणी, भात, भांडी, वाडीतले नारळ, पुन्हा भात. जेवायलाही ती उकिडवी बसे, उठायला सोपं म्हणून. पडवीत ती पाय लांब करून भिंतीला टेकून बसायची. दुपारी झोपायची. आणि कोणी बघत नाही असं वाटलं की गजगे खेळायची, एकटीच. एक गजगा वर उडवायचा, तो खाली यायच्या आत बाकीचे गोळा करायचे. एवढी मोठी बाई पोरीसारखी खेळते याची मला लाज वाटे.

पुढे मीही बाहेर बसू लागले. माझ्या दिवसांत आई रांधायची, आणि दोघींचे दिवस एकत्र आले तर बाबा पेज करायचे, ती करपायची, आणि आम्ही दोघी पडवीत बसून मुकाट्याने प्यायचो. त्या दिवसांत वापरायच्या आमच्या कापडाच्या घड्या धुऊन गोठ्यामागच्या दोरीवर वाळत, वर जुनं लुगडं टाकून, कोणाला दिसू नयेत म्हणून. मॅट्रिकच्या आदल्या वर्षी एकदा आई बाहेर बसलेली असताना मी त्या दोरीवरचं लुगडं उचललं. खाली काही नव्हतं. पुढच्या महिन्यातही नव्हतं. त्याच्या पुढच्याही महिन्यात दोरी मोकळी दिसली, तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आईचं थांबलं होतं, आणि तरी ती बसत होती.

मला असा संताप आला की हातातली कळशी आपटावीशी वाटली. माझा अभ्यास चुलीत चाललाय, आणि ही तिथे गजगे खेळते. आजच तोंडावर विचारायचं, असं ठरवून मी तिचं ताट घेऊन पडवीत गेले. ती झोपली होती. तोंड किंचित उघडं, पाय माझ्याकडे. तळव्यांच्या भेगांत वाडीतली माती बसलेली होती, धुऊनही न गेलेली. मी ताट खाली ठेवलं आणि तशीच उभी राहिले. हे बाहेर फुटलं तर काय होईल ते मला दिसत होतं. बाबा एक वाक्य बोलतील, आळीतल्या बायका वर्षभर हसतील, आणि आईला पुन्हा कधी दिवसाउजेडी आडवं होता येणार नाही. बसायला मिळावं म्हणून तिच्याकडे दुसरं कारणच नव्हतं. माझा राग गेला असं नाही. पण तो आता आईवर नव्हता.

काकींनी मात्र हिशोब मांडला होताच. दुसऱ्या दिवशी सकाळी विहिरीवर मी पाणी ओढत असताना त्यांनी विचारलं, "काय गो, तुझ्या आवशीचां अजून चालूच आसा? माझ्याच वयाची ती."

विहिरीपासून पडवी हाकेच्याही अलीकडे. गजग्यांचा आवाज एकदम बंद झाला.

"चालूच आसा, काकी," मी म्हटलं. "तिच्या घड्यो मीच धुतंय."

काकींनी आपली कळशी उचलली. मी कळशी घेऊन आत आले आणि वाटायला बसले. त्या दिवशी पलीकडून एकही सूचना आली नाही. दुपारी ताट वाढायला गेले तेव्हा आई खाली बघत म्हणाली, "तुझां वाटप आता बरां जमता." बस, एवढंच. त्यानंतर मी कुरकुर केली नाही. तिरफळाच्या बिया काढायला, बांगडा न मोडता परतायला, उकड्या तांदळाचं पाणी अंदाजाने धरायला मी शिकले ते त्या पुढच्या महिन्यांत, आणि आपण होऊन. मॅट्रिकही झाले.

लग्न होऊन मी शिरोड्याला गेले. पहिल्यांदा माहेरी आले तर काकी वाटेतच भेटल्या. "तुझ्या आवशीचांय थांबलां एकदाचां," त्या म्हणाल्या. "तू सासरी गेलंस त्याच म्हयन्यात."

बरोबरच होतं. आता ती बसली असती तर चूल कोण पेटवणार होतं?

घरात गेले तर आई उकिडवी बसून खोबरं किसत होती. बाबा पुढच्या पडवीतून म्हणाले, माहेरी आली आहेस तर चार घटका स्वस्थ बस. मी आईच्या हातातली खोबऱ्याची वाटी काढून घेतली.

"तू मागे जावन बस."

"कित्याक?"

"बस गो म्हणतंय."

तिने माझ्याकडे पाहिलं. मग हात पुसले, उठली, आणि मागल्या पडवीत गेली. मी पाटा धुतला, खोबरं घेतलं, वाटायला लागले. भिंतीपलीकडे सगळं शांत होतं. मला वाटलं झोपली असेल.

"अजून बोलता," पलीकडून आवाज आला.

मी वाटत राहिले.