इस्त्रीच्या प्रवेशातली शांतता

दिवसभर चष्म्याच्या दुकानात लोकांच्या नाकांवर फ्रेमा बसवायच्या आणि संध्याकाळी नाटकं लिहायची, असा त्या माणसाचा दुहेरी संसार. गल्लीत सगळे त्याला नाटककाका म्हणत. त्याची नाटकं बघून लोक पोट धरून हसायचे. यंदा मात्र गृहस्थाने शोकांतिका लिहायला घेतली आणि अख्ख्या नाटकमंडळीचा जीव टांगणीला लावला.

मुख्य प्रवेश असा: आई मुलाच्या शर्टाला इस्त्री करतेय. मुलगा वाटेत अपघातात गेलाय. प्रेक्षकांना ते ठाऊक, नुकत्याच घरात आलेल्या बापाला ठाऊक, तिलाच काय ते नाही.

आधी बाप पानभर बोलायचा. तालमीत ते ऐकून काकांनीच तोंड वाकडं केलं. "सगळं रडणं हाच रडून घेतोय, मग बघणाऱ्याने काय करायचं?" भाषण उडालं. मग मागचं व्हायोलिनही उडालं. उरलं एवढंच: आई विचारते, "कॉलर कडक करू ना?" बाप म्हणतो, "कर." "उद्या हाच घालेल ना?" यावर बाप गप्प. ती बाही वळवते, इस्त्री फिरवते. बऱ्याच वेळाने तो म्हणतो, "घालेल." तो जितका गप्प राहील, तितका बघणाऱ्याचा घसा कोरडा पडायला हवा.

पण घोडं अडलं काकूपाशी. काकांच्या सगळ्या नाटकांचं प्रॉम्प्टिंग त्यांच्या बायकोकडेच. विंगेत बसायचं आणि नट अडखळला की शब्द पुरवायचा, सवय हाडात मुरलेली. बाप गप्प झाला रे झाला, की ही कुजबुजायची, "घालेल, घालेल!" नट बिचारा दचकून बोलून टाकायचा. झालं! सगळ्यावर पाणी.

"अगं, तिथे थांबायचंय!" काका सांगून सांगून थकले. ती "हो हो" म्हणायची आणि पुन्हा तेच. काका आता चिडेनासे झाले, घाबरले. कारण तो शर्ट त्यांच्याच घरातला होता. एकुलता एक लेक गेला त्या दिवशी काका असेच दारात उभे राहिले होते, काकूची इस्त्री संपेपर्यंत तोंडातून ब्र न काढता. त्यावर दोघं कधी बोललीच नाहीत. तिच्या मनात त्या गप्प राहण्याचा राग असेल, ही धास्ती त्यांना आतून खात होती.

तालमीहून परतताना जिन्यात त्यांनी विचारलंच. "मी तेव्हा तुला लगेच सांगायला हवं होतं का गं?"

"सांगायचं काय त्यात? तुम्ही चपला न काढता आत आलात, तेव्हाच कळलं मला."

"मग इस्त्री का करत राहिलीस?"

"तुमच्या तोंडाकडे बघवेना हो. वाटलं, ह्यांना एवढ्यात बोलावं लागू नये. आणि मनात सारखं म्हणत होते, बोला, बोला आता, मला एकटीला नाही झेपत. तालमीत तेच तोंडातून निघतं."

काका मटकन पायरीवर बसले. तेवढा वेळ तरी आपण ते एकट्याने सोसलं, असं इतकी वर्षं धरून चालले होते. काकू शेजारी टेकली, त्यांचा हात हातात घेतला.

"नाटकातल्या त्या आईला माहीत असू दे," ती म्हणाली. "आणि तरी तिला इस्त्री करू दे. मग बघा."

काकांनी एकही शब्द बदलला नाही, फक्त नटीला तेवढं समजावून सांगितलं. प्रयोगाच्या दिवशी बाप गप्प झाला. नटीने मान वर न करता दुसरी बाही वळवली, सावकाश. सभागृहात कुणी खोकलंसुद्धा नाही. विंगेत काकूने ओठ घट्ट मिटून घेतले होते. शेजारी काका तोंडावर रुमाल दाबून ढसाढसा रडत होते, लेक गेल्यापासून पहिल्यांदा.