मिस्त्री, एक खुर्ची गेली

बाई आधी चष्मा काढायच्या. काढून समोरच्या केसपेपरवर उपडा ठेवायच्या आणि मग विचारायच्या, "हं. खरं किती?"

चष्मा कागदावर आहे तोवर त्या काही लिहीत नसत. तुम्ही बोलाल ते तुमच्या-त्यांच्यात. चष्मा पुन्हा नाकावर चढला की म्हणायच्या, "आता लिहिण्यापुरतं सांगा." आधी खरं सांगून बसलेल्या माणसाला मग लिहिण्यापुरतं वेगळं सांगायची लाज वाटायची. शेवटी दोन्ही एकच निघायचं. खिडक्या तुम्हीही खूप पाहिल्या असतील, रेशनच्या, बँकेच्या, दवाखान्याच्या. ही रीत मी दुसऱ्या कुठल्या खिडकीत पाहिली नाही.

शनिवार पेठेत भांड्यांच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर व्यसनांवर आणि मनाच्या आजारांवर उपचार करणारं एक केंद्र. बाई तिथल्या खिडकीत बसायच्या. अजून आहे. दारू सोडायला आलेले, झोप न लागणारे, कारण नसताना रडू येणारे, घराबाहेर पडायची धास्ती बसलेले, सगळे तिथेच. कॉट एकही नाही. मंगळवारी यायचं, डॉक्टरांना भेटायचं, गोळ्या घ्यायच्या, गोल करून बसायचं, एकमेकांचं ऐकायचं आणि घरी जायचं. घरी जाणं हाच त्यातला अवघड भाग.

मी वेताच्या खुर्च्या विणतो. शाळा चौथीपर्यंत, पुढचं सगळं शिक्षण वेताजवळ. चाळीस वर्षांत माझी खुर्ची कुणी परत आणली नव्हती. एक दिवस एका गिऱ्हाइकाने आणली. जाळी वाकडी गेली होती. सकाळी दोन घोट पोटात गेल्याशिवाय माझ्या हाताची थरथर थांबत नव्हती, आणि त्या दिवसांत ते घेऊनही थांबेना. मुलगी वर्षभर सांगत होती, तिचं मी ऐकलं नाही. खुर्चीचं ऐकलं.

एकटाच गेलो. बाईंनी चष्मा काढला.

"खरं किती?"

"थोडी."

"थोडी म्हणजे? तीर्थाएवढी?"

"एक क्वार्टर."

त्यांनी कागदावरचा चष्मा बोटाने आणखी लांब सारला. 

"दोन," मी म्हणालो.

"सकाळची धरून?"

"सकाळची धरून तीन."

"आता कसं," म्हणाल्या आणि चष्मा घातला. डाव्या हाताने लिहायच्या. लिहिलेल्यावरून हात पुसत जायचा, त्यामुळे करंगळीखाली कायम शाईचा निळा डाग.

मग पैशाचं निघालं. "हे बघा, तीन वाटा आहेत. पूर्ण फी भरता येते. कंपनीचा विमा असेल तर त्यांच्याशी भांडता येतं, ते मी भांडते. नाहीतर ट्रस्टचा निधी आहे. रेशनकार्ड आणा, उत्पन्नाचा दाखला आणा, इथे सही करा."

सही करायच्या जागेच्या वर छापलं होतं, 'आर्थिकदृष्ट्या दुर्बल'. मी अक्षर अक्षर जुळवून वाचतो, पण वाचतो.

"दुर्बल कोण?"

"मी नाही म्हणत. कागद म्हणतोय."

"मग कागदालाच गोळ्या द्या."

उठलो आणि जिना उतरायला लागलो. पूर्ण फी दर आठवड्याला भरण्याइतकं माझ्याकडे नव्हतं, आणि फुकट मी देवळातला प्रसादही घेत नाही, आधी पेटीत रुपया टाकतो. अर्ध्या जिन्यावर असताना मागून चपलांचा आवाज आला. बाई खिडकी सोडून आल्या होत्या. वर रांग तशीच उभी.

"अहो, थांबा. केसपेपरवर धंदा 'वेतकाम' सांगितलात. ते खरं की लिहिण्यापुरतं?"

"खरं."

"मग हॉलमधल्या खुर्च्या पाहिल्यात का? सात आहेत. सगळ्यांची पोटं खाली गेलीयेत. पेशंट बसतो तो अडकूनच बसतो. त्या विणा. तुम्ही आमचं काम करा, आम्ही तुमचं करतो. दुर्बल कोणीच नाही."

एक खुर्ची म्हणजे चार मंगळवारांचं काम. मी हिशेब केला तो खुर्च्यांचा. त्यांनी केला तो माझ्या मंगळवारांचा. हे मला फार उशिरा कळलं.

हॉलच्या बाहेर गॅलरी आहे. तिथे पाण्याची बादली, भिजत घातलेला वेत आणि मी. डॉक्टरांकडे नंबर लागला की उठायचं, परत येऊन विणायचं. सुरुवातीचे मंगळवार वाईट गेले. डॉक्टरांच्या गोळ्यांनी हात हळूहळू थांबला, पण चौकटीच्या भोकातून वेताची पात, म्हणजे चिरलेली पट्टी, ओवायला दहा-दहा वेळा लागायचं. बाई खिडकीतून बघायच्या. पहिली खुर्ची झाली तेव्हा तिच्यावर बसून बघितलं आणि म्हणाल्या, "करकरत नाही." एवढंच. पुण्यात याला कौतुक म्हणतात.

गॅलरीतून मला सगळी खिडकी ऐकू यायची. खराडीचा एक कंपनीतला मुलगा यायचा. रात्र रात्र झोप नाही, छातीत धडधड. तो हळूच म्हणायचा, "मॅडम, विम्याच्या फॉर्मवर दुसरं काहीतरी टाका ना. बॅक पेन वगैरे."

"पाठ दुखते?"

"नाही."

"मग तिला कशाला बदनाम करता?"

त्याची ती विम्याची जाडजूड वही बाईंनी भिंग लावून वाचली. मग फोन लावला. पलीकडे तासभर बासरी वाजत होती. शेवटी माणूस आला तेव्हा बाई म्हणाल्या, "अहो, हा मुलगा कामावर जातो, घरी जातो, आपला हप्ता भरतो. आडवा पडला तर पैसे देणार आणि उभा राहिला तर नाही? आपण कॉट मोजता की माणूस?" असे किती फोन झाले. तिसऱ्या महिन्यात त्याचे थोडे पैसे मंजूर झाले. बाई त्याला म्हणाल्या, "आता खरंच पाठ दुखली तर वेगळा अर्ज करा."

लोणी काळभोरहून एक बाई यायची, नवऱ्याला घेऊन. नवरा खाली दुकानापाशीच थांबायचा. "बाई, ते खालीच हाय. म्हनतंय, पैसं न्हाईत तर वर कशाला जायाचं."

"म्हणावं, जिना फुकट आहे. वर आल्यावर बघू."

पुढच्या मंगळवारी तो चौथ्या पायरीपर्यंत आला. त्याच्या पुढच्या मंगळवारी आठव्या. आम्ही वरून पायऱ्या मोजायचो. वर पोचला त्या दिवशी बाईंनी त्याला माझ्या नव्या खुर्चीवर बसवलं आणि निधीचा कागद काढला. त्याने मुकाट सही केली. मला माझ्या मानाची जरा लाज वाटली, पण जराच.

तीन खुर्च्या झाल्या आणि मी घसरलो. मेहुण्याच्या तेराव्याला गेलो, तिथे ग्लास पुढे आला, मी मागे सारला नाही. मग तोंड कसं दाखवायचं म्हणून दोन मंगळवार गेलोच नाही. दुसऱ्या मंगळवारनंतर गुरुवारी फोन वाजला.

"मिस्त्री, तुम्ही येणार म्हणून मंगळवारी सकाळी मीच वेत भिजत घातला. अजून बादलीतच आहे. आता काय करू?"

"दोन दिवस? अहो बाई, वेत अर्धा तास भिजवतात! काळा पडेल सगळा!"

"मला काय माहीत. मी खिडकीवाली."

चप्पल घालताना मी त्यांना शिव्या दिल्या, खोटं कशाला सांगू. तसाच रिक्षा करून गेलो. बादलीत बघितलं, वेत काळा पडत आला होता. बाई गॅलरीच्या दारात उभ्या. त्यांनी चष्मा काढला.

"खरं किती?"

"पाच दिवस."

"आज?"

"आज नाही."

"मग आजचा एक धरा." चष्मा घालायच्या आधी म्हणाल्या, "माझा भाऊ असाच कागदावर चिडून जिना उतरला होता. तेव्हा मी खिडकीतच बसून राहिले. मागे रांग होती म्हणून." पुढे काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही. मी सगळा काळा वेत फेकला आणि नवा भिजत घातला. अर्धा तास.

सातवी खुर्ची झाली. डॉक्टर म्हणाले, औषध कमी करत आणू, पण अजून वर्षभर येत राहा, गोलात बसा, तुमच्यासारख्याचा पाय इथेच घसरतो. मी म्हणालो, काम संपलं, येणं संपलं. फुकट मी बसणार नाही. डॉक्टरांनी समजावलं, मुलीने समजावलं. बाई आपल्या खिडकीत लिहीत बसल्या. मी गोणपाट गुंडाळलं, सुरी खिशात घातली आणि आलो.

पुढच्या सोमवारी फोन.

"मिस्त्री, एक खुर्ची गेली."

"जाणारच नाही."

"गेली म्हणते ना. मधे भोक पडलंय. कोणीतरी जाड माणूस बसला असेल."

माझी खुर्ची वर्षाच्या आत जाते म्हणजे काय! मंगळवारी दार उघडायच्या आधी मी जिन्यावर. खुर्ची पहिलीच होती, थरथरत्या हातांनी विणलेली. उजेडात नेली, उलटी केली. आता हे ध्यानात घ्या. वजनाने वेत तुटतो तो कडेला, भोकापाशी, आणि तुटतो तेव्हा त्याचे तंतू सुटतात, झाडूसारखे. इथे मधोमध चार पाती तुटलेल्या, चारही अगदी साफ. ब्लेडने. आणि शेजारच्या पातीवर बोटभर निळा डाग.

मला आधी राग आला. माझ्या कामावर कुणी ब्लेड चालवलं, हा राग. खुर्ची तशीच हातात घेऊन खिडकीकडे निघालो. बाई मान खाली घालून लिहीत होत्या. कधी नव्हे ते मान वर करेचनात. कान लाल झाले होते.

मी परत गॅलरीत आलो आणि बादली भरली.

त्यानंतर दर दोन-तीन महिन्यांनी एक खुर्ची जायची. एकदा राहवलं नाही. विचारलं, "बाई, बसला होता तो खरं किती जाड?"

त्यांनी चष्मा काढला, पदराने पुसला, पुसतच राहिल्या. "लिहिण्यापुरतं सांगू का?" म्हणाल्या. आणि दोघंही असे हसलो की रांगेतल्या माणसांना वाटलं, उपचार लागू पडला.

अशी सहा वर्षं गेली. मी प्यायलेलो नाही. ते पाच दिवस सोडून.

गेल्या वर्षी बाईंचा चष्मा जाड झाला, मग आणखी जाड. केसपेपर नाकाला लावून वाचायच्या. नव्या माणसासमोर सवयीने चष्मा काढायच्या, पण मला एकदा म्हणाल्या, "मिस्त्री, काढला काय आणि घातला काय, आता तुम्ही तेवढेच दिसता." मी म्हणालो, "मी मुळातच तेवढा आहे."

मग एका सोमवारी फोन आला. "मिस्त्री, एक खुर्ची गेली." आवाज नेहमीचाच. मी म्हणालो, "उद्या बघतो."

मंगळवारी खिडकीत एक मुलगी बसली होती. समोर कॉम्प्युटर, काचेवर पैसे भरायचा चौकोनी ठिपक्यांचा कागद. म्हणाली, "मॅडमचा काल शेवटचा दिवस होता. डोळ्यांमुळे. त्यांची भाची नागपूरला घेऊन गेली."

"पत्ता?"

"तसा देता येत नाही, काका. तुमचं नाव सांगा. फी कॅश की ऑनलाइन?"

"खुर्ची."

तिने कॉम्प्युटरमध्ये शोधलं. खुर्ची टाकायची जागा त्यात नव्हती. बिचारी घाबरली, आत जाऊन डॉक्टरांना विचारून आली. "चालेल म्हणाले." पत्ता मी पुन्हा विचारला नाही. एकदा नाही म्हटल्यावर दुसऱ्यांदा विचारायचा माझा स्वभाव नाही. त्याचा पुढे पस्तावा होतो, हेही मला माहीत आहे.

सहा वर्षांत बाईंना मी एकदाही म्हणालो नाही की, मला कळलंय. त्यांनाही ठाऊक होतं की मला कळलंय. एवढं पुरेसं आहे असं वाटायचं. आता नागपूर कुठल्या बाजूला हे गॅलरीतून बघत बसतो आणि वाटतं, नव्हतं पुरेसं.

ती खुर्ची उजेडात घेतली. या वेळी काप एका झटक्यात नव्हता. कापलेली पात एकच. तिच्या आजूबाजूला पाच-सहा पातींवर नुसते चरे, ब्लेड टेकवून घसरलेलं, पुन्हा टेकवून पुन्हा घसरलेलं. लाकडी चौकटीवरही दोन ओरखडे. दिसत नसताना चाचपडून, हॉल रिकामा झाल्यावर, बाईंनी हे शेवटचं काम उरकलं होतं. नागपूरच्या गाडीला निघायच्या आधी.

चरा पडलेली पात बदलायची असते. ती आज ना उद्या त्याच जागी तुटते. वडिलांनी मला पहिल्या महिन्यात शिकवलेली गोष्ट ही, आणि आजवर मी ती मोडली नव्हती. मी तुटलेली एक पात बदलली. चरे पडलेल्या तशाच राहू दिल्या. खुर्ची पुसली आणि खिडकीसमोर नेऊन ठेवली.

आता दर मंगळवारी गोलात बसायच्या आधी मी तिच्यावर हात फिरवून बघतो. अजून धरून आहे. पण कधीतरी तिथेच जाईल, कुणी न कापता. मग ती विणायला मला यावं लागेल.