उलट दिसला की सुलट

अर्धी वाट चालून झाल्यावर माझ्या थोरल्या नणंदबाई, म्हणजे वन्सं, बाकावर टेकल्या आणि त्यांनी पिशवीतून विणकाम काढलं. अर्धांगवायूनंतर डॉक्टरांनी त्यांना चालायला आणि बोटं हलवायला सांगितलं होतं, म्हणून आम्ही लांबवर फिरायला जायचो. वन्संचा हात शिवणात बसलेला. पण उजवा हात लुळा पडल्यापासून मशीन झाकूनच होतं. ते विकायला आमचे हे निघाले, तेव्हा वन्सं म्हणाल्या, "आधी शाल विणते. ती झाली की मी मशीनवर बसणार."

लोकर जुन्या स्वेटरांची, उसवलेली. वीण दाण्यांची, नवशिक्यालाही जमेल अशी. पण वन्संच्या शालीवर दाण्यांऐवजी उभ्या रेघा आल्या होत्या.

"सुलट टाका दिसला की उलट घालायचा, उलट दिसला की सुलट," मी सांगितलं.

"म्हणजे दिसेल त्याच्या विरुद्ध वागायचं. ते तर जन्मभर केलंय."

"म्हणून तर तुमच्यासाठी हीच वीण काढली."

हसता हसता त्यांची सुई निसटली, टाके सुटले. मनात देवाचं नाव घेऊन मी हात पुढे केला. त्यांनी शाल मांडीत ओढून घेतली.

"अगं, एवढं कर. चुकलं तर सांग. पण एकही टाका तू घालू नकोस."